बॅच ८९ आणि मधेच गळालेली मंडळी

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप टिफिनने काढला. टिफिन म्हणजे आमची एक मैत्रीण, कॉलेजला रोज दोन डबे आणायची, एक स्वतःचा आणि एक "कोणाला लागला तर". खरी नावं मी इथे कोणाचीच लिहीत नाहीये, टोपणनावंच लिहिते, कारण निम्मी मंडळी हे वाचणार आणि उरलेल्यांना फोनवर वाचून दाखवणार. कॉलेजचंही नाव नको, मिरामारच्या बाजूचं म्हटलं की ओळखणारे ओळखतील. १९८६ ला एफ.वाय.ला आलो, १९८९ ला बीएस्सी होऊन बाहेर पडलो, आणि त्यानंतर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळापानांचं) सामान घेताना किंवा कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर "अगो तू!" एवढंच. २०२४ च्या चवथीत टिफिनला म्हापशाच्या बाजारात एकाच सकाळी तीन जण भेटले, आणि तिने दुपारी घरी जाऊन नेवऱ्या तळता तळता ग्रुप काढला. नाव ठेवलं बॅच ८९. ह्या नावावरून पुढे काय होणार ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, आणि कशावरून तर भाषेवरून, गोव्यात दुसरं कशावरून होणार. मास्तर (हा खरोखरच पुढे हायस्कुलात मास्तर झाला, पण टोपणनाव आधीचं) चांगलं सरळ मराठीत लिहायचा. लांबू देवनागरी कोंकणीत. गिटार आणि कळंगुटची मंडळी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. स्विंडनवाला (स्विंडन म्हणजे इंग्लंडातलं) इंग्रजीत, तेही सगळं कॅपिटल. मग कोणीतरी लिहिलं की एकच काय ती भाषा ठरवा, आणि मग जे सुरू झालं ते रात्री एकपर्यंत चाललं, मी तर डोळे मिटून फोन उशीखाली सरकवला.

हे बाहेरच्या वाचणाऱ्याला गमतीचं वाटेल म्हणून जरा सांगते. आमचं एफ.वाय. हे साधं वर्ष नव्हतं. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला, आमचं कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. म्हणजे बार्देस, पेडणे, डिचोलीकडच्या पोरांनी बसने बेतीला यायचं, तिथे फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं, पलीकडे पणजीच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून कांपालवरून मिरामारपर्यंत बस मिळाली तर बस नाहीतर पाय. त्याच वर्षी राजभाषा कोंकणी की मराठी ह्यावरून आंदोलन पेटलेलं, डिसेंबरात तर रस्त्यावर झाडं आडवी घातली होती, माणसं मेली, कॉलेज बंद. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि मराठी सरकारी कामकाजाला वापरता येईल असं. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. हे सगळं एका शैक्षणिक वर्षात, आणि आम्ही सतरा-अठरा वर्षांची पोरं. वर डिग्रीचीही गंमत, सिनियर मुंबई विद्यापीठाचे, आणि आम्ही नवीन निघालेल्या गोवा विद्यापीठाचे, तेव्हा "ही डिग्री मुंबईत चालेल ना गो?" असं आवय (आई) रोज विचारायची.

मास्तर आणि लांबू ह्याच वर्षी बोलायचे बंद झाले. त्याआधी म्हणजे जुलैपासून ही जोडी फेरीत एकाच कठड्याला टेकून उभी असायची, एकाच छत्रीत, लांबू लांब असल्यामुळे मास्तर कायम भिजायचा. डिसेंबरनंतर एक पुढच्या टोकाला आणि दुसरा मागच्या. तीन वर्षं. आणि मग पस्तीस. ग्रुपवर दोघे होते पण एकमेकांच्या मेसेजला कधी अंगठासुद्धा नाही.

असो. भाषेचं शेवटी असं ठरलं की ठरवायचं नाही, ज्याला जे येतं त्यात लिहा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने शेजारच्याला विचारावं. आमच्या घरात तरी काय वेगळं आहे, बोलतो कोंकणी, आरत्या मराठी, पेपर मराठी, बिलं इंग्रजी.

शोधाशोध हे मात्र खरं काम होतं. पोरं सापडणं सोपं, आडनाव तेच, गाव तेच, जास्तीत जास्त दुबई नाहीतर बोटीवर. आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेले असले तर स्विंडन, तिकडे म्हणे अर्धं सासष्टी-बार्देस आहे. पण मुलींचं काय करणार? आडनाव बदललं हे एक वेळ ठीक, आमच्या वेळी लग्नात तांदळावर नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचे, म्हणजे कॉलेजच्या हजेरीपटावरची मुलगी कागदावर उरतच नाही. फेसबुक इथे काही कामाचं नाही. मला तरी कामाला आली ती जुनीच पद्धत, गावात जायचं आणि पोसऱ्याच्या दुकानात विचारायचं. मुलीचं नाव विचारून उपयोग नसतो, बापाचं नाव, तो काय करायचा, घर देवळाच्या वर की खाली, हे सांगितलं की दुकानदार बरणीचं झाकण लावता लावता सगळी वंशावळ सांगतो. फक्त तिथे कायतरी विकत घ्यायला लागतं, नुसतं विचारलं तर उत्तर अर्धं मिळतं. माझ्याकडे त्या दिवसांत घरी एवढी साखर आणि काड्यापेट्या साठल्या की नवऱ्याने विचारलं, संचारबंदी लागणार आहे काय.

तर घारी. घारी ही पेडण्याकडची, डोळे घारे म्हणून घारी. फेरीत माझ्या शेजारी असायची, वर्गात पुढच्या बाकावर, आणि एस.वाय.ला मध्येच दिसेनाशी झाली. तेव्हा आम्ही विचारलंसुद्धा नाही फारसं, मुली अशा जायच्या, लग्न ठरलं असेल म्हणायचं आणि पुढचं प्रॅक्टिकल करायचं. मी तिचं नाव ग्रुपवर टाकलं तर ऑडिटरने (हा आमचा सीए, म्हापशाला ऑफिस) लगेच लिहिलं की ती ग्रॅज्युएट झाली नाही, ग्रुपचं नाव बॅच ८९ आहे, म्हणजे ८९ ला पास झालेले, नाहीतर मग एफ.वाय.ला नापास झालेले, कॉमर्सला गेलेले, इंजिनियरिंगला सटकलेले सगळेच येतील, कुठे थांबायचं? आणि हे म्हणणारा तो एकटाच नव्हता, दोन-चार अंगठेही पडले.

मला राग आला, तो आधी सांगून टाकते. जे पास झाले ते कुठे ना कुठे एकमेकांना भेटतच होते, बँकेत, सचिवालयात, मुलांच्या शाळेत, ह्याच्या त्याच्या मुंजीत. ज्यांना शोधायची गरज होती ते तर मधेच गळालेलेच. रीयुनियन त्यांच्यासाठी नाही तर मग ती नुसती एक पार्टी, आणि पार्टीला गोव्यात काय कमी आहे! मी एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं, मराठीत, मोठ्ठा मेसेज. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग पहिला अंगठा आला तो लांबूचा, आणि त्याच्या खाली मास्तरचा. टिफिनने मला प्रायव्हेटमध्ये लिहिलं, बघितलंस काय, दोघं एका खाली एक.

मग मी पेडण्याला गेले. गावातल्या पोसऱ्यावर कळलं की बाप वारला, घर आहे, भाऊ मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. भावाचा नंबर मिळाला. भाऊ आधी संशयानेच बोलला, बाईमाणूस असले तरी हल्ली फोनवर कोण कोणाला फसवेल सांगता येत नाही, त्याने मला कॉलेजचं नाव, वर्ष, फेरीचं वगैरे सगळं विचारून घेतलं आणि मगच म्हणाला की ताई बांद्याला दिलेली. बांदा! मुंबईतलं नव्हे, पत्रादेवीच्या चेकनाक्यापलीकडचं. आमच्यातला एकजण तिला पुण्यात शोधत होता, दुसरी म्हणत होती मस्कत, आणि ही गोव्याच्या कुंपणाला लागून किराणा दुकान चालवत होती, आमच्यातले कितीतरी जण त्या हायवेने मुंबईला जाताना तिच्या दारावरून गेले असतील.

फोन केला तर नाव सांगूनही ओळखेना. कॉलेज म्हटलं, फेरी म्हटलं, मग एकदम म्हणाली, "माझ्या दप्तरावर बसली होतीस ती काय तू? जर्नल मोडलं होतं." बसले असेन, फेरीत बाक कुठे मोकळा असायचा. मग हसली. आणि मग म्हणाली मी नाही येत, मी पास कुठे झाले. म्हणजे ऑडिटरचं म्हणणं तिला कोणी सांगायची गरजच नव्हती, पस्तीस वर्षं ती स्वतःच स्वतःला ते सांगत बसली होती. तिला तयार करायला मला बरेच फोन करावे लागले, त्यातले निम्मे दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून मध्येच तुटले.

तारीख ठरवणं हे वेगळंच. ज्यांना गोव्यात कार्यक्रम ठरवायचाय त्यांनी हे लक्षात ठेवा, इथे वर्षात मोकळा रविवार नसतो. श्रावणात मासे नाहीत म्हणून नको, त्यात जून-जुलै मासेमारीच बंद. चवथीला कोणी घर सोडत नाही. दिवाळीला माहेर. नोव्हेंबरात इफ्फीमुळे, म्हणजे त्या चित्रपट महोत्सवामुळे, पणजीत गाडी लावायला जागा नाही. स्विंडनवाल्याला डिसेंबर हवा होता कारण त्याची रजा तेव्हा, पण त्या वर्षी २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी ओल्ड गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवाचं प्रदर्शन, रस्ते भरलेले, त्यात नाताळ, त्यात पर्यटकांनी दर असे वाढवलेले की पाण्याची बाटलीसुद्धा विचारून घ्यावी. मग जानेवारी म्हटलं तर म्हापशाची मंडळी म्हणे बोडगेश्वराची जत्रा. त्यानंतर कार्निवल, शिगमो, परीक्षा, लग्नं. शेवटी १९ जानेवारी. स्विंडनवाल्याने तिकीट पुढे ढकललं आणि त्याचा दंड किती बसला ते आम्हाला अजून ऐकवतो.

जागेवरूनही वाद झाला. एका गटाला कळंगुटचं रिसॉर्ट, स्विमिंग पूल, डीजे. कोणी पोहणार होतं काय ह्या वयात? दुसऱ्या गटाला सावईवेऱ्याकडचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग. मग गिटार म्हणाली माझं वेऱ्याचं घर रिकामंच आहे, आईबाप गेल्यापासून उघडलेलं नाही, साफ करून घेते, सगळे तिथेच या. वेरे म्हणजे बेतीच्या पुढे, रेइस मागूसच्या वाटेवर. हे ऐकल्यावर कोणीतरी, मला वाटतं लांबूनेच, लिहिलं की मग कॉलेजकडून फेरीनेच जाऊया की.

आता पैशांचं, कारण ह्यात आमचं जवळजवळ मोडलं होतं. ऑडिटरने वर्गणी ठरवली आणि एक एक्सेल शीट केली. नाव, रक्कम, आली की नाही. आलेली हिरवी, न आलेली लाल. आणि ती तो रोज सकाळी ग्रुपवर टाकायचा, गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला हिशेब स्वच्छ लागतो. पण एके दिवशी शेट ग्रुपमधून बाहेर पडला. काही न बोलता. नुसतं खाली राखाडी अक्षरात, अमुक लेफ्ट.

शेट हा डिचोलीचा. वडिलांचे ट्रक होते म्हणून कॉलेजात शेट, कँटीनचं बिल तोच द्यायचा, पातळ भाजी, बन, मिरची भजी सगळ्यांना. पुढे त्याने खाणींच्या तेजीत कर्ज काढून आणखी ट्रक घेतले. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग जरा सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. ज्यांचे ट्रक होते त्यांना विचारा तेव्हा काय झालं, अंगणात ट्रक उभे, टायर जमिनीत रुतत चाललेले, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शेटकडे आता एक टेम्पो आहे, नारळ आणि भाजी वाहतो. हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, कारण पस्तीस वर्षं आमच्यासाठी तो शेटच होता, आणि लाल रांगेत त्याचं नाव सगळ्यात वर, आडनावाप्रमाणे लावल्यामुळे.

टिफिन आणि मी दोघी त्याच्या घरी गेलो. चहा झाला, शेवेचा लाडू झाला, वर्गणीचा विषय आम्ही काढला नाही आणि त्यानेही नाही. परत आल्यावर टिफिनने ऑडिटरला फोन करून ती शीट बंद करायला लावली. नवीन नियम एकच, पैसे फक्त टिफिनकडे द्यायचे, जमतील तेवढे, आणि कोणी किती दिले ते टिफिन सोडून कोणालाही कळणार नाही, ऑडिटरलासुद्धा नाही. तो चिडला, म्हणाला असा कुठे हिशेब असतो काय. टिफिन म्हणाली, मी दोन डबे आणायचे तेव्हा तू रोज दुसरा खायचास, तेव्हा विचारलास काय हिशेब. मी एवढंच सांगेन, रीयुनियनची वर्गणी जाहीर ठेवू नका. ज्याच्याकडे आहेत तो जाहीर न करताही देतो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो त्या लाल रंगामुळे येत नाही. आमच्याकडे शेवटी जास्तच जमले.

शेट परत आला तो असा. वेऱ्याला खुर्च्या, टेबलं, भांडी न्यायची होती, कोणीतरी म्हणालं शेटचा टेम्पो आहे. मला ते आवडलं नाही, वर्गमित्राला हमाली सांगितल्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोललेही. पण त्यानेच फोन केला, म्हणाला आणतो की, भाडं घेणार पण, फुकट नाही. बाजारातलं भाडं घेतलं त्याने, मोजून, आणि त्यातूनच टिफिनकडे काहीतरी दिलं. किती ते टिफिन सांगत नाही.

बाकी तयारी पटापट. एक गोष्ट आम्ही चांगली केली, बिल्ले. मोठ्या अक्षरात, कारण सगळ्यांना चष्मे, कॉलेजातलं नाव, माहेरचं आडनाव आणि खाली गाव. गाव लिहिल्याने फार सोपं झालं, चेहरा ओळखला नाही तरी "शिरसई" वाचलं की डोक्यात पेटतं. दुसरी गोष्ट, माईक ठेवला नाही. नवऱ्याच्या बॅचच्या कार्यक्रमाला मी गेले होते, तिथे एकेकाने उभं राहून मुलगा अमेरिकेत, मुलगी डॉक्टर, फ्लॅट किती, असं दोन तास सांगितलं, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं ते बाथरूमच्या वाटेवर फिरत होते. आम्ही ओळखीचा कार्यक्रमच रद्द केला.

१९ तारखेला सकाळी कॉलेज. रविवार, नुसता वॉचमन आणि झाडूवाली. लॅब उघडून दिली होती, नवी फरशी, नवी टेबलं, पण वास तोच, एकीने तर दारातच थांबून "एच टू एस" (सडक्या अंड्यासारखा वास येतो तो वायू) म्हटलं आणि सगळे नाकाला पदर रुमाल लावून हसत सुटले. दक्षिणेकडची मंडळी नवीन झुवारी पुलावरून आली आणि पंधरा मिनिटं फक्त त्या पुलाबद्दल बोलली. आमचे केमिस्ट्रीचे सर आले, नातू हात धरून घेऊन आला. भाषण करा म्हटलं तर म्हणाले, "मी तुमच्यातल्या कोणालाच ओळखत नाही, तुम्ही मला ओळखता, तेवढं पुरे झालं," आणि खुर्चीवर बसून भाजी-पाव मागवला. घारी सगळ्यांच्या मागून आली, भावाच्या टॅक्सीतून, गेटजवळच उभी. तिच्याकडे पहिला गेला तो कोण तर ऑडिटर. बिल्ला त्यानेच तिच्या हातात दिला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ती आत आली.

मग फेरी. ज्यांचे गुडघे दुखत होते ते गाड्या घेऊन पुलावरून गेले, बाकी आम्ही धक्क्यावर. फळी खाली आपटली तो आवाज, साखळ्यांचा खडखडाट, स्कूटरवाले इंजिन बंद करून पाय टेकवत पुढे सरकतात, ते सगळं तसंच. समोर मात्र कॅसिनोच्या बोटी, एवढ्या मोठ्या की पलीकडचा काठ दिसायला मान वाकडी करावी लागते. आमच्या वेळी नदीत दिवा म्हणजे होडीचा कंदील असायचा, आता रात्री म्हणे मांडवीत झोपच लागत नाही माशांना. मी हे सरकारला सांगायला जात नाही, पण आवडत नाही ते नाही.

घारी माझ्या शेजारी कठड्याला. पाणी बघत होती आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागली. पूल पडल्यावर तिला घरून पहाटे निघायला लागायचं, पेडणे ते म्हापसा एक बस, म्हापसा ते बेती दुसरी, मग फेरी, मग तिसरी. परत जाताना फेरीची रांग लांबली की म्हापशाहून पेडण्याची शेवटची बस चुकायची. दोन-तीनदा चुकली. एकदा पावसात तिला आणायला बाप सायकलने म्हापशापर्यंत आला, दोघंही चिंब, आणि वाटेत एक शब्द बोलला नाही, घरी आल्यावर आईला म्हणाला, पुरे. झालं. "तो पूल चार-पाच वर्षं आणखी टिकला असता ना, तर मी बीएस्सी असते," असं ती अगदी सहज म्हणाली, दुकानात तूरडाळीचा भाव सांगतात तसं. नवीन पूल झाला तेव्हा आम्ही सगळेच कॉलेजातून गेलेलो होतो आणि तिचा मोठा मुलगा चालायला लागला होता.

मी काय बोलणार होते त्यावर. तेवढ्यात मागून मोठमोठ्याने आवाज यायला लागले म्हणून वळून बघितलं तर मास्तर आणि लांबू. समोरासमोर. सुरुवात कोणी केली त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, पण जे जवळ उभे होते ते सांगतात की लांबू म्हणाला, "रे, तूं अजून तसोच," आणि मास्तर म्हणाला, "आनी तूं अजून चुकीचोच." आणि मग सुटले. मिठी वगैरे काही नाही, डोळ्यांत पाणी नाही, सरळ राजभाषा. १९८७ च्या कायद्यात काय लिहिलंय, शाळांचं काय झालं, मराठी अजून राजभाषा का नाही, कोंकणीला आठव्या परिशिष्टात १९९२ ला घातलं त्याचं काय, सगळं. बेतीला उतरलो तरी चालूच, वेऱ्याच्या रस्त्याला लागलो तरी चालूच. आणि गंमत अशी की मास्तर मराठीची बाजू अस्सल बार्देसी कोंकणीत मांडत होता, आणि लांबू कोंकणीची बाजू मांडता मांडता तावात आला की मराठीत घुसायचा, कारण तो दरवर्षी गावच्या जत्रेत मराठी नाटकात काम करतो आणि जोरात बोलायचं म्हटलं की त्याला संवादाचीच भाषा येते. टिफिन मला म्हणाली, थांबवूया काय? मी म्हटलं अजिबात नको.

गिटारच्या घरी बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) सर बसले होते आधीच, नातवाने गाडीने आणलेले. घर तिने चुना लावून लख्ख केलेलं. जेवण दोन टेबलांवर, एका बाजूला खतखतें, मुगागाठी, तोंडाक, सोलकढी, मणगणें, दुसऱ्या बाजूला इसवण तळलेली, सुंगटांचं हुमण, शागोती, आणि गिटारने स्वतः केलेला चोरिस-पाव (चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज) वेगळ्या कोपऱ्यात, पाटी लावून, कोणाचा गोंधळ नको. सगळ्यात जास्त गर्दी मात्र पोळीवाला (पोळी म्हणजे इथला एक पाव) सायकलवरून भोंपू वाजवत आला तेव्हा झाली, ताज्या पोळ्यांसाठी साठीला टेकलेली माणसं गेटकडे अशी धावली की सर घाबरले.

जे घट्ट मित्र होते कॉलेजात, त्यांचं बोलणं पंधरा मिनिटांत संपलं, हे मी बघितलं. आमचंही. मी आणि माझी तेव्हाची सख्खी मैत्रीण, दोघी तास-तास बोलायचो, त्या दिवशी मुलं, सासू, बीपीची गोळी झाली आणि मग दोघीही ताटात बघत बसलो. तिचं माझ्यावर प्रेम नाही असं नाही, पण एकमेकींचं सगळं आम्हाला ठाऊकच आहे, विचारायला काही राहिलंच नाही. आणि ज्यांच्याशी तीन वर्षांत चार वाक्यं बोलले नव्हते त्या शेटबरोबर मी संध्याकाळपर्यंत अंगणात बसले होते, तो नारळाचा धंदा कसा चालतो, पाडेली (नारळ पाडणारे) मिळत नाहीत, माकडं किती नासवतात, घाऊक बाजारात सकाळी दर कसा फुटतो, असं सगळं सांगत होता. मला एवढं शिकायला कॉलेजातही मिळालं नसेल.

फोटोच्या वेळी परत ते नावाचं आलं. बॅनर होता, बॅच ८९. घारी आपोआप बाजूला सरकली, फोटो काढते म्हणाली. ऑडिटरने तिच्या हातातून फोन घेतला आणि वॉचमनसारखा तिच्या मागे उभा राहिला, ती पुढे जाईपर्यंत हलला नाही. फोटोत तो नाही, कारण फोटो त्यानेच काढला. ग्रुपचं नाव त्या रात्री बदललं, आता ते बॅच ८६ आहे, म्हणजे जे जे एफ.वाय.ला आले ते सगळे. त्यामुळे कॉमर्सला गेलेले आणि नापास झालेले हळूहळू यायला लागलेत, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बोलतात.

नंतर काय होतं ते नेहमीचंच, महिनाभर फोटो, मग परत गुड मॉर्निंगची फुलं. पण मास्तर एप्रिलात लांबूच्या गावच्या जत्रेला नाटक बघायला गेला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नाटकाच्या शुद्धलेखनाच्या चुका टाकल्या. घारी आणि मी बोलतो, दुपारी दोन ते चार, दुकान बंद असतं तेव्हा. तिची सून मुक्त विद्यापीठाची बी.ए. करतेय, आणि सासूने पण फॉर्म भरावा म्हणून मागे लागलीय, घारी अजून हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

उरलेल्या पैशांवरून मात्र अजून एकमत नाही. कोणी म्हणतं कॉलेजला द्या, कोणी म्हणतं गरजू मुलाची फी भरा, ऑडिटर म्हणतो ज्याचे त्याला परत, प्रमाणशीर, पण कोणी किती दिले ते टिफिन त्याला सांगत नाही त्यामुळे तो अडकलाय. आणि घारीने पुढच्या वेळी बांद्याला बोलावलंय सगळ्यांना. लांबूने लिहिलं, गोव्याबाहेर कशाला? मास्तरने लिहिलं, तिथे तरी मराठीवरून भांडायला लागणार नाही. त्यावर लांबूने दोन स्क्रीन भरून लिहिलंय, ते मी अजून वाचलेलं नाही. शेटने टेम्पोचं बांद्यापर्यंतचं भाडं कळवलंय. ऑडिटरने नवीन शीट उघडलीय असं कानावर आलं, टिफिनने त्याला बजावून ठेवलंय, उघड बाबा, पण रंग भरायचे नाहीत.